बंबाची वाट

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस उतरून सोपारा गाव आणि निर्मळ मागे टाकत समुद्राच्या दिशेने निघाले की रस्ता हळूहळू अरुंद होत जातो. दोन्ही अंगांना वाड्या, केळीच्या बागा, नारळ, मधूनच एखादे जुने बावखल आणि शेवटी सुरूच्या झाडांपलीकडे राजोडीचा किनारा. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात दर्शनाला आलेली अनेक कुटुंबे परतीच्या वाटेवर या किनाऱ्याकडे वळतात. शनिवार-रविवारी तर येथील विश्रामगृहे भरून जातात, मोटारी रस्त्याच्या कडेला लागतात, शहाळ्यांच्या आणि भेळेच्या गाड्या उभ्या राहतात. सहलीला आलेल्या माणसाला ही गर्दी फारशी खटकत नाही, कारण त्याला कोठेही वेळेवर पोहोचायचे नसते.

याच रस्त्याने एक वाहन असे येते की ज्याला प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो. ते म्हणजे अग्निशमन दलाचा बंब. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची अनेक गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या या विस्तीर्ण प्रदेशाची जबाबदारी एका दलावर आली. रेल्वेमार्गाने या शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत आणि त्यांना जोडणारे उड्डाणपूल मोजके आहेत. पूर्वेकडील आचोळे येथील केंद्रातून निघालेल्या बंबाला राजोडी गाठायची झाल्यास आधी पूल ओलांडावा लागतो, मग बाजारपेठ, मग रिक्षांच्या रांगा, मग गावातील वळणे. अंतर किलोमीटरमध्ये मोजले तर ते फार नाही. वेळेत मोजले तर मात्र ते दर दिवशी, दर तासाला बदलते.

आपल्या व्यापारी कुटुंबांना प्रवासाचे गणित नवे नाही. माल कोणत्या वाटेने आणायचा, ट्रक कोणत्या वेळी शहरात शिरू शकतो, उतराईला किती हमाल लागतील, याचा अंदाज दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला असतो. मात्र आपल्याच दुकानापर्यंत बंब कोणत्या वाटेने येईल, तो किती रुंद असतो, त्याला वळायला किती जागा लागते, याचा विचार किती घरांत झाला असेल? अग्निशमन दलाच्या जवानाचे जीवन समजून घ्यायचे तर या वाटेपासून सुरुवात करणे योग्य ठरेल.

दलाच्या भाषेत आलेल्या खबरेला 'वर्दी' म्हणतात. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी येतो, पत्ता आणि घटनेचे स्वरूप टिपून घेतले जाते, घंटा होते. त्या क्षणी जवान जेवत असो वा झोपलेला असो, त्याला ताट किंवा अंथरूण सोडून गणवेशात वाहनावर चढायचे असते. अनेक केंद्रांच्या आवारातच कर्मचाऱ्यांची निवासस्थाने असतात, त्यामुळे ही घंटा त्याच्या बायकामुलांनाही ऐकू जाते. शहरी भागात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पहिले वाहन घटनास्थळी पोहोचावे, अशी अपेक्षा आपल्या देशात मांडली गेली आहे. ही मिनिटे कोणी लहरीने ठरविलेली नाहीत. बंद खोलीत लागलेली आग पहिली काही मिनिटे एका कोपऱ्यात धुमसते. छताखाली तप्त वायू साठत जातात आणि एका क्षणी खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. त्या क्षणाच्या अलीकडे पोहोचलेला जवान खोली वाचवू शकतो. पलीकडे पोहोचला तर त्याला शेजारची खोली, कधी कधी शेजारची इमारत वाचविण्यासाठी झटावे लागते.

पाण्याचा हिशेबही असाच काटेकोर असतो. साधारण आकाराच्या बंबात सुमारे ४,५०० लिटर पाणी मावते. एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर पाणी जाते असे धरले आणि दोन नळ्या चालू केल्या, तर पाच मिनिटांत टाकी रिकामी होते. आग पाच मिनिटांत क्वचितच विझते. म्हणून मागून टँकर यावे लागतात, ते रिकामे झाले की भरायला जावे लागते आणि पुन्हा त्याच गर्दीतून परत यावे लागते. मोठ्या आगीच्या रात्री चालकाच्या अशा कितीतरी फेऱ्या होतात. वृत्तपत्रात मात्र 'आग आटोक्यात' एवढेच दोन शब्द येतात. वसईच्या पट्ट्यात पूर्वजांनी गोड्या पाण्याची बावखले जपली. आज त्यांतील अनेक भराव टाकून बुजविली जात आहेत. घराजवळचे पाणी नाहीसे होते तेव्हा संकटकाळी टँकरची एक फेरी वाढते, हेही त्या भरावाच्या खर्चात धरायला हवे.

आग हाच जवानाचा एकमेव शत्रू असता तरी त्याचे काम सोपे नव्हते. प्रत्यक्षात त्याची ड्युटी आगीपुरती राहत नाही. गॅसचा सिलिंडर गळतो, उद्वाहक मधेच अडकतो, पावसाळ्यात नालासोपाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी भरते, महामार्गावर टँकर उलटतो, राजोडी किंवा कळंबच्या समुद्रात पोहायला उतरलेली मुले ओहोटीच्या ओढीने आत खेचली जातात, तेव्हा हाक त्यालाच जाते. मकरसंक्रांतीच्या दिवसांत पतंगाच्या मांज्यात पंख अडकलेला पक्षी उंच झाडावर लटकत असतो. जीवदयेचे काम करणारी आपली तरुण मंडळी खालून त्याच्याकडे पाहत राहतात आणि शेवटी शिडी घेऊन येणाऱ्या या जवानांनाच बोलावतात. तोही त्याच गांभीर्याने येतो.

आपल्या सणांचे दिवस हे त्याचे हमखास कामाचे दिवस असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गणेशचतुर्थीची पहाट उजाडण्याआधी, मध्यरात्रीच्या सुमारास, विरारच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा मागचा भाग कोसळला. एका कुटुंबात लहान मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. या दुर्घटनेत १७ जणांचे प्राण गेले. दाट वस्तीत अवजड यंत्रे आत नेणे सुरुवातीला अवघड झाले, म्हणून ढिगारा हातांनी उपसावा लागला. घरोघरी गणपती बसत होते त्या दिवशी पालिकेचे जवान आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसे सिमेंटच्या तुकड्यांखाली कोणाचा आवाज येतो का, याचा कानोसा घेत होती. त्याआधी चार वर्षे, २३ एप्रिल २०२१ रोजी, करोनाची दुसरी लाट भरात असताना विरार पश्चिमेतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला पहाटे तीनच्या सुमारास आग लागली आणि १५ रुग्ण दगावले. जे रुग्ण स्वतःच्या बळावर श्वासही घेऊ शकत नव्हते, त्यांना धुरातून उचलून नेणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेर उभ्या असलेल्यांना येणे कठीण आहे.

अशा नोकरीत माणूस का जातो? पगार हे एक कारण असते, सरकारी वा पालिकेच्या नोकरीची शाश्वती हे दुसरे. पण काही माणसे आवडीने या वाटेला जातात. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर हे त्याचे ठळक उदाहरण. महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेत रमलेल्या या मुलीला गणवेशातील सेवेची ओढ होती. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही या क्षेत्रातील देशाची अग्रगण्य संस्था. १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झालेली ही संस्था १९५७ मध्ये नागपूरला आली. पुढील साडेचार दशकांत तेथे एकाही मुलीने प्रवेश घेतला नव्हता. २००२ साली हर्षिनी यांनी तो घेतला. मुलींसाठी वसतिगृहच नसल्यामुळे त्यांना घरून येऊन-जाऊन शिकण्याची खास परवानगी मिळवावी लागली. पाण्याने भरलेली जड नळी खांद्यावर घेणे, शिडी चढणे, पहाटेची कवायत, यांतील कशातही सवलत मिळणार नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाही. शिक्षणाच्या काळात त्यांना प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी दूरच्या शहरांत जावे लागले. दिल्लीत ऐन दिवाळीच्या दिवसांत त्या आगीच्या वर्दीवर होत्या. फटाक्यांच्या रात्री घरी राहण्याची चैन या व्यवसायात नसते, हे त्यांना विद्यार्थिदशेतच कळले. देशातील पहिली महिला अग्निशमन अभियंता अशी त्यांची ओळख झाली.

२००६ मध्ये त्या तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळात, म्हणजे ओएनजीसीत, रुजू झाल्या आणि नागपूरच्या मुलीचा प्रवास गुजरातेतील मेहसाण्याला पोहोचला. पुढे बदली मुंबईस झाली. तेलाच्या क्षेत्रात अग्निशमनाचा अर्थ वेगळा असतो. राजोडीच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर पाण्याखेरीज काही दिसत नाही, पण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर याच समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. तेथील माणसे जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने जातात, साधारण १४ दिवस फलाटावर राहतात आणि मग घरी परततात. घर, दार, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची औषधे हे सारे या वेळापत्रकात बसवावे लागते. तेथे आग लागली तर बाहेरून बंब येण्याची वाट पाहता येत नाही. पळून जायला रस्ताही नसतो, खाली समुद्र असतो. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायच्या उत्तर भागातील फलाटावर एक जहाज आदळले, वायुवाहिनी फुटली आणि आगीत तो फलाट नष्ट झाला. त्या दुर्घटनेत २२ जणांचा मृत्यू झाला. म्हणून या क्षेत्रातील अग्निशमन अधिकाऱ्याचे बहुतेक काम आग लागण्यापूर्वीचे असते. तपासणी, सराव, पुन्हा तपासणी आणि पुन्हा सराव असा त्याचा दिनक्रम असतो.

कर्तव्याने इतका प्रवास घडविला तरी हर्षिनी यांची प्रवासाची हौस संपली नाही. सुटीत त्या मोटरसायकलवर लांबच्या सफरी करतात. लेह, कारगिल आणि खारदुंग ला या उंच खिंडीपर्यंत त्यांनी दुचाकीने मजल मारली आहे. जिचे कामच धोक्याचे तिने विरंगुळाही असा का निवडावा, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडू शकेल. परंतु त्यात एक संगती दिसते. वर्दीवर निघालेल्या माणसाला कधी निघायचे, कोठे जायचे, कधी परतायचे यांपैकी काहीच ठरविता येत नाही. सुटीच्या सफरीत हे तिन्ही निर्णय त्याचे स्वतःचे असतात, आणि वर्षभर दुसऱ्यांच्या संकटामागे धावलेल्या माणसाला तेवढे स्वातंत्र्य पुरेसे वाटत असावे. राजोडीच्या वाळूत एखाद्या सुटीच्या दिवशी जवानाचे कुटुंब इतरांसारखेच सूर्यास्त पाहत बसलेले असू शकेल. त्यांच्यासाठी त्या दोन तासांचे मोल आपल्यापेक्षा वेगळे असते.

केंद्रापासून घटनास्थळापर्यंतचा प्रवास संपला की दुसरा सुरू होतो. तो पंचवीस-तीस पावलांचा किंवा चार जिन्यांचा असतो. अंगावर जाड पोशाख, पाठीवर हवेची नळकांडी, हातात नळी, एकूण वजन वीस किलोहून अधिक. नळकांड्यातील हवा साधारण अर्धा ते पाऊण तास पुरते, परिश्रमात त्याहूनही कमी. त्यात जाणे, काम करणे आणि परतणे हे सर्व बसवायचे असते. धुरात स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून भिंतीला हात लावून, गुडघ्यांवर पुढे सरकायचे. या शेवटच्या टप्प्याचा नकाशा कोणत्याही कार्यालयात नसतो. तो आपण रोज आपल्या दुकानात, गोदामात आणि जिन्यावर तयार करीत असतो.

व्यापारी वस्तीला या टप्प्याची किंमत ठाऊक असायला हवी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कराचीहून चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटके आणि कापूस एकत्र ठेवू नये, हे तेव्हाही ठाऊक होते. युद्धाच्या घाईत ते ठेवले गेले. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवान जहाजावर चढून पाणी मारू लागले. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जवान त्या दिवशी मृत्युमुखी पडले. गोदीजवळच्या व्यापारी पेठा उद्ध्वस्त झाल्या, शेकडो सामान्य नागरिक मेले. त्या जवानांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. सोन्याच्या विटा पुढे अनेक वर्षे गोदीच्या गाळातून सापडत राहिल्या.

दुसरी घटना आपल्या बहुतेक वाचकांच्या ओळखीच्या गल्लीत घडली. वसई, नालासोपारा, विरारची कितीतरी माणसे रोज सकाळी लोकल पकडून काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजारात पेढीवर जातात. ९ मे २०१५ रोजी, शनिवारी दुपारनंतर, काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. लाकडी तुळया आणि लाकडी जिने असलेल्या या जुन्या वस्तीत वर घरे, खाली दुकाने आणि मधे लहानमोठे कारखाने ही रचना पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. रहिवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. आग मात्र वाढत गेली आणि जळत्या इमारतीचा भाग कोसळला. अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई तेथेच मृत्युमुखी पडले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले. ऐरोलीच्या रुग्णालयात १४ मे रोजी अमीन यांनी आणि २४ मे रोजी नेसरीकर यांनी प्राण सोडला. ज्याला कार्यालयात बसून आदेश देता आले असते तो दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी होता, ही गोष्ट त्या दलाच्या परंपरेबद्दल बरेच सांगून जाते.

व्यापारात प्रत्येक जोखमीची कोठेतरी नोंद असते. माल जळाला तर विमा आहे. इमारत पडली तर पुनर्बांधणीचा करार होतो. बँकेला तारण हवे असते आणि तारणाला विम्याचे कवच. पण आपल्या गोदामात शिरणारा जवान आपल्या कोणत्याही वहीत नोंदलेला नसतो. त्याच्या जिवाला निर्माण होणारी जोखीम मात्र बऱ्याच अंशी आपणच वाढवीत वा घटवीत असतो. वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत पुठ्ठा, प्लास्टिकचा दाणा, थिनर, रंग, कापडाचे तागे एकाच छताखाली ठेवलेले आढळतात. जागा महाग आहे, म्हणून पोटमाळा चढविला जातो. चोरीचे भय आहे, म्हणून खिडकीला पक्की जाळी लागते. मागचा दरवाजा मालाच्या थप्पीमागे झाकला जातो आणि त्याची किल्ली शेठजींच्या घरी असते. यातील प्रत्येक निर्णयामागे व्यवहाराचे एक समंजस कारण असते. पण ते सर्व एकत्र आले की धुरात चाचपडणाऱ्या माणसासाठी त्या गाळ्याचा सापळा होतो.

कायद्याने यासाठी काही बंधने घातली आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून राज्यात लागू आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याला 'नमुना ब' म्हणतात, दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करायचे असते. अनेक सोसायट्यांत आणि बाजारांत हे काम कागदापुरते उरकले जाते. भिंतीवरील लाल नळ उघडला तर त्यातून पाणी येते का, हे कोणी पाहत नाही. वाहतुकीच्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-इ आले. अग्निशमन वाहनाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षेची ही तरतूद करावी लागली यावरूनच रस्त्यावरील आपल्या वर्तनाची कल्पना यावी.

कायद्याच्या पलीकडे प्रत्येक घराला आणि पेढीला सहज करता येण्यासारखी कामे थोडी आहेत, पण तीच निर्णायक ठरतात. जिन्याखाली आणि जिन्यावर एकही खोके नसावे. विद्युत मीटरच्या पेटीसमोर माल रचू नये आणि दुकान बंद करताना मुख्य कळ बंद करण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे असावी. मागच्या दाराची दुसरी किल्ली रखवालदाराजवळ असावी. ज्वलनशील द्रव आणि कापड-पुठ्ठा यांच्यात भिंत असावी, निदान अंतर तरी असावे. गोदामात काय आणि किती ठेवले आहे याची एक यादी प्रवेशद्वाराशी लावावी, म्हणजे आत जाणाऱ्याला आपण कशाच्या समोर उभे आहोत हे आधी कळेल. दिवाळीत चोपडापूजन झाल्यावर समई तेवत ठेवून शटर ओढण्याची प्रथा अनेक पेढ्यांत आहे. लक्ष्मीच्या दिव्याजवळ जागे राहणारे कोणी नसेल तर तो शांत करून निघण्यात अवमान नाही. सोसायटीच्या आवारात बंबासाठी राखलेल्या जागेत पाहुण्यांची मोटार उभी करू देऊ नये, मग पाहुणा कितीही मानाचा असो. आणि वर्दी देताना घाबरून दूरध्वनी ठेवून न देता पूर्ण पत्ता, जवळची खूण, आत अडकलेल्यांची संख्या आणि काय जळत आहे, हे चार तपशील सांगावेत. एका माणसाने नाक्यावर जाऊन बंबाला वाट दाखवावी. राजोडीसारख्या गावात, जेथे वाड्यांतून जाणारे सर्व रस्ते अनोळखी चालकाला सारखेच वाटतात, तेथे नाक्यावर उभा राहिलेला एक माणूस पाच मिनिटे वाचवू शकतो.

आपल्या संस्था आणि मंडळे वर्षभर पुष्कळ उपक्रम करतात. येत्या १४ एप्रिलच्या सप्ताहात प्रत्येक बाजारपेठेतील संघटनेने जवळच्या अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांना आमंत्रण द्यावे. सत्कार, शाल-श्रीफळ यांत वेळ न घालविता त्यांना आपल्या गल्लीतून, गोदामांतून आणि जिन्यांवरून एकदा फिरवून आणावे आणि ते जे दाखवतील ते वहीत टिपून घ्यावे. बंब कोठपर्यंत येईल, नळी कोठून ओढावी लागेल, कोणती थप्पी हलवायची, हे त्यांच्या डोळ्यांना पहिल्या फेरीतच दिसेल. मग त्या टिपणाप्रमाणे पंधरा दिवसांत वाट मोकळी करून द्यावी. ज्या दिवशी घंटा होईल त्या दिवशी त्याच वाटेने कोणाचा तरी मुलगा, कोणाचे तरी वडील आपल्या दाराशी धावत येणार आहेत, आणि काम उरकल्यावर त्यांना त्याच वाटेने परत जायचे आहे.